पेण–रोहा भुयारी मेट्रो, टप्पा पहिला

आषाढ लागला तेव्हा पेण–रोहा भुयारी मेट्रोचं काम कासूपर्यंत येऊन ठेपलं होतं. देशातल्या इतर प्रकल्पांच्या मानाने हा वेग भलताच होता. पण इथे भूसंपादन नव्हतं, मोर्चा नव्हता, कंत्राटदार नव्हता आणि नारळ फोडायला कोणाची तारीखही घ्यायची नव्हती. पेणला हैबतरावांच्या बाहेरच्या खोलीत, दारापासून लोखंडी कपाटापर्यंत, मुलांच्या खेळण्यातल्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांची एक लांबच लांब पेटी पसरली होती. पेटीच्या आत रूळ होते, फलाट होते, फलाटांवर बाकंसुद्धा होती. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काहीएक दिसत नव्हतं.

"गाडी कुठं हाय?" धोंडुबाईने विचारलं.

धोंडुबाई खाडीकडच्या गावातून धुण्याभांड्याला यायची. तिचा बाप मिठागरावर राबलेला, नवराही मिठागरावर राबलेला. त्यामुळे माणसाने जे काय करायचं ते उघड्यावर, उन्हात, चारचौघांना दिसेल असं करावं, अशी तिची समजूत होती.

"आत आहे," हैबतराव म्हणाले.

"मंग दिसंल कशी?"

"दिसायची नसते. भुयारी आहे."

"दिसायची नसंल तं केलीव कशाला?"

हैबतरावांनी उभी हयात एका सरकारी खात्यात आरेखक म्हणून काढली होती. कालवे, पूल, बंधारे, जे जे व्हायचं नव्हतं त्या सगळ्याचे नकाशे त्यांनी काढले होते. एक पूल तर त्यांनी इतका देखणा काढला होता की तो बांधून बिघडवायचं धाडस कोणालाच झालं नाही. इतक्या वर्षांत धोंडुबाईचा हा प्रश्न त्यांना एकाही साहेबाने विचारला नव्हता. साहेब लोक किती सज्जन असतात, हे त्यांना आत्ता कळलं.

"तू झाडू मार. पण नागोठण्याला धक्का लावू नकोस. तिथे आखणी करून ठेवलीय."

"नागोठन्यात वरसाला पानी भरतंय, त्याला काय व्हत नाय. माझ्या झाडूनं काय व्हनार हाय!" असं म्हणून तिने खडूने आखलेल्या आंबा नदीवरून झाडू फिरवला.

ठोकळे मैनाबाईंचे होते. हैबतरावांची बायको याच खोलीत वर्षानुवर्षं बालवाडी चालवायची. ती गेली, बालवाडी गेली, ठोकळ्यांची पोती तेवढी माळ्यावर राहिली. लाल, पिवळे, निळे, आणि जवळपास प्रत्येकावर दातांच्या खुणा. पेणमधली एक अख्खी पिढी त्या ठोकळ्यांवर दात रोवून मोठी झाली होती. त्यातले काही आता वकील आहेत, एक नगरसेवक आहे, आणि चावायची सवय कोणाचीच सुटलेली नाही, असं हैबतरावांचं मत होतं. हे मत ते पूर्वी मैनाबाईंना ऐकवायचे. आता मतं होतात, पण ती तशीच पडून राहतात.

भुयारी गाडीच का, याचंही कारण मैनाबाईच. नोकरीत असताना एकदाच दोघं लांबच्या प्रवासाला म्हणून कलकत्त्याला गेले होते. तिथे जमिनीखालच्या गाडीत बसल्यावर मैनाबाईंनी सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं विचारलं, "अहो, बाहेर नुसता काळोख, मग खिडक्या कशाला ठेवल्यात?" हैबतराव म्हणाले, वाऱ्यासाठी असतील. पण काचा बंद होत्या. मैनाबाईंनी काचेत वाकून पाहिलं, स्वतःचं तोंड दिसलं, त्यांनी कुंकू सारखं केलं आणि म्हणाल्या, "हां, ह्याच्यासाठी." खात्यातल्या कोणत्याही इंजिनिअरने हैबतरावांना इतका चोख खुलासा कधी दिला नव्हता.

परंतु नुसत्या आठवणीवर कोणी मेट्रो बांधत नाही. या मेट्रोला कारण होतं, आणि ते कारण म्हणजे एक पाट.

हैबतराव आणि त्यांचा धाकटा भाऊ सखाराम यांच्या घराण्याचा गणपती एकच. दीड दिवसाचा. एक साल पेणला हैबतरावांकडे, एक साल रोह्याजवळ अष्टमीला सखाकडे, अशी पाळी. गणपती दर वर्षी नवा, पण तो बसतो तो पाट आजोबांचा, शिसवी, एका कोपऱ्याला टवका उडालेला. ज्याची पाळी त्याने तो पाट आधीच पेणच्या कारखान्यात नेऊन द्यायचा, मूर्तिकार ओली मूर्ती त्या पाटावरच बसवतो, आणि मूर्ती पाटासकट घरी येते. म्हणजे पाट जिथे, तिथे गणपती. गणपती जिथे, तिथे माणसं. मग अलिबागकडची बहीण येते, तिच्या सुना येतात, चुलते येतात, चुलत्यांची पोरं येतात, ओळीने पथाऱ्या पडतात, कोणाची तरी चप्पल हरवते. पेणच्या पाळीला सकाळी हैबतरावांच्या न्हाणीघरासमोर रांग लागायची, आणि रांगेतला प्रत्येक जण आतल्या माणसाचा उद्धार करायचा. एकटेपणा म्हणजे काय, असं हैबतरावांना कोणी नेमकं विचारलं असतं, तर त्यांनी सांगितलं असतं: न्हाणीघर केव्हाही मोकळं मिळणं.

मैनाबाईंच्या आजारपणात पेणची पाळी आली, ती रोह्याने निभावली. त्याच सालच्या कार्तिकात त्या गेल्या. पुढची पाळी रोह्याची होतीच. आता यंदा पेणची. पण पाट अष्टमीला होता, आणि आषाढ सरत आला तरी तिकडून पाटाचं नाव निघत नव्हतं.

मेट्रो त्यासाठी होती. गणपतीचं मखर म्हणून. वर पेण स्टेशनच्या छतावर पाट, पाटावर गणपती, आणि खालून भुयारातून गाडी जाणार. पोरांना कळलं की पेणच्या काकांकडे गणपतीखालून मेट्रो धावते, तर पोरं हट्ट धरतील, पोरांच्या हट्टापुढे आया हरतील, आणि आया हरल्यावर गणपतीला पेणला येण्यावाचून गत्यंतर राहणार नाही. असा सगळा आराखडा होता. कागदावर त्यात कुठेही चूक दिसत नव्हती.

त्यांनी सखाला फोन केला.

"सखा, पाट कधी धाडतोस?"

"बघू की दादा. शिफ्टचं जरा हाय."

"पाटाला कसली आलीय शिफ्ट?"

"पाटाला नाय, मला म्हणतोय. सध्या सेकंड चालू हाय."

"मग गिरजेला सांग, ती कोणाबरोबर तरी धाडील."

"तिला इचारूनच सांगतोय ना," सखा म्हणाला, आणि मग कंपनीत नवीन आलेल्या साहेबाबद्दल बरंच बोलला.

हैबतरावांनी घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेट्रोचा फोटो टाकला. बाहेरून काढलेला, भुयाराचा फोटो दुसरा कसा येणार? लाल-पिवळ्या-निळ्या ठोकळ्यांची एक लांब, बंद पेटी. खाली लिहिलं, 'यंदाचा देखावा, काम प्रगतीपथावर.' अलिबागच्या भाच्याने अंगठा दाखवला. एका सुनेने हात जोडले. चुलतभावाने लिहिलं, 'छान गोठा. गाईगुरं घेणार का?' मग कोणीतरी सकाळच्या सुविचाराचं गुलाबाचं फूल टाकलं आणि मेट्रो वर सरकून दिसेनाशी झाली.

"येक खिडकी पाडा हितं," धोंडुबाईने तोडगा काढला. "पोरांना जरा तरी दिसंल."

"भुयाराला खिडकी नसते, बाई."

"मंग गनपतीला काय सांगनार हाव, खाली वाकून बघ म्हनून?"

हैबतरावांनी खिडकी पाडली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच एक काम आराखड्याबरहुकूम होत होतं. ते धोंडुबाईच्या सूचनेवरून बदलायचं, तर मग खात्यात काय वाईट होतं?

श्रावणात नागोठण्याला ठोकळे संपले. माळ्यावरचं शेवटचं पोतं झटकून झालं, त्यातून एक फुटकी बाहुली आणि पाटीवरची पेन्सिल निघाली. शेवटी पेण–रोहा मेट्रोचा पहिला टप्पा पेण–नागोठणे असा जाहीर झाला. जाहीर कोणापुढे झाला, हा प्रश्न वेगळा. खेळण्यातल्या मोटारीची मोटर बसवून हैबतरावांनी दोन डब्यांची गाडी केली होती. ती पेणच्या तोंडाशी आत सोडायची, कान लावून ऐकायचं, आणि नागोठण्याच्या तोंडातून ती बाहेर आली की उचलून घ्यायची. मधला सगळा प्रवास विश्वासावर.

पाट मात्र येईना. कुंभारआळीतून जायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. तिथे पोपटचा गणपतीचा कारखाना, घराण्याची मूर्ती पिढीजात तिथलीच. पोपट दारात रंग कालवत बसलेला असणार आणि हाक मारून पाटाचं विचारणार. पाळी असून पाट नाही, हे सांगण्यापेक्षा वळसा परवडला. भाजी आणायलाही ते मागच्या गल्लीने जात. शेवटी एका सकाळी त्यांनी स्वच्छ धोतर नेसलं, पाट गुंडाळायला एक जुनं लुगडं पिशवीत घातलं, आणि रोह्याची गाडी पकडली.

गाडीत खिडकीशी जागा मिळाली. बाहेर भाताची लावणी उरकून गेलेली, शेतं तुडुंब. कासू आलं तेव्हा त्यांच्या मनात आलं, आपण आपल्याच मेट्रोच्या डोक्यावरून चाललोय. नागोठण्याला त्यांनी वाकून नदी पाहिली. पाणी लाल आणि फुगलेलं. खालून बोगदा न्यायचा तर बराच खोल न्यावा लागला असता. समोरच्या माणसाने विचारलं, "काय पडलं का काय तुमचं?" ते म्हणाले, नाही, पातळी बघतोय. त्या माणसाने आपली पिशवी जवळ ओढून घेतली.

अष्टमीला सखाच्या घरी वालाचं बिरडं शिजत होतं. सखा बनियनवर बसला होता, दुपारी कंपनीत जायचा होता. त्याची बायको गिरजा पदर खोचून बाहेर आली.

"अगो बाई, भावोजी! फोन तरी करायचा. बसा, पान वाढते."

"पान राहू दे. पाट दे, दुपारच्या गाडीने जातो."

गिरजेने सखाकडे पाहिलं. सखाने घड्याळाकडे पाहिलं.

"पाट तर पेणलाच हाय, भावोजी," गिरजा म्हणाली. "पोपटदादांच्या कारखान्यात. ह्यांच्या कंपनीतला एक माणूस जात होता, त्याच्यासंगं आषाढातच धाडला."

हैबतरावांनी पिशवी खाली ठेवली. पाट पेणला होता. ज्या गल्लीला ते गेला महिनाभर वळसा घालत होते, त्याच गल्लीत तो बसला होता. त्यांना आपला सख्खा भाऊ एकदम फार चांगला वाटला. "अरे, मग सांगायचं नाही का मला?"

"सांगणार होतो," सखा म्हणाला, आणि मान खाली घालून चटई सारखी करू लागला.

"टेंपो येणार हाय ना आदल्या दिवशी रोह्याच्या मूर्ती घेऊन," गिरजा म्हणाली. "त्याच्यातनंच येईल आपला."

"येईल म्हणजे? कुठे येईल?"

"इकडंच."

बिरडं खाली लागल्याचा वास आला. गिरजा आत गेली, ढवळून परत आली. तोवर दोघं भाऊ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"पाळी माझी आहे, गिरजे."

"हाय की. कोण नाय म्हणतंय? पाळी तुमचीच. फक्त बसवायचा इकडं."

पाळी पेणची, कार्यवाही रोह्याची. हैबतरावांनी खात्यात असे आदेश पुष्कळ पाहिले होते आणि त्यांचे नकाशेही काढले होते.

"घरात बाईमाणूस नाय, भावोजी. मोदक कोण वळणार? आल्यागेल्याचं कोण बघणार? ती धोंडुबाई काय आपल्या घरचा गणपती सोडून येणार हाय?"

"मी वळीन."

सखा हसला. दादा विनोद करत नाहीये हे लक्षात आल्यावर थांबला.

"दादा, तुम्ही इकडं या ना," तो म्हणाला. "दीड दिवस काय, चांगलं आठवडाभर ऱ्हावा. माडीवरची खोली हिनं तुमच्यासाठीच झाडून ठेवलीय. पंखा पण नवीन लावलाय."

पंखा खरंच नवीन होता. नंतर त्याने वर नेऊन तो लावूनही दाखवला. भांडायला समोरच्याचा थोडा तरी वाईटपणा लागतो. तोच समोरच्याने ठेवला नाही, तर माणसाने जेवावं. हैबतराव जेवले. बिरडं चांगलं झालं होतं, खाली लागलेलं कळत नव्हतं.

जेवता जेवता त्यांनी फोनवरचा मेट्रोचा फोटो पुढे केला. शेवटचं अस्त्र.

"ही पण आणा की इकडं," गिरजा कौतुकाने म्हणाली. "शोकेसवर ऱ्हाईल."

"भुयारी आहे ती."

"मग शोकेसच्या खाली ठेवू."

हैबतरावांनी हात धुतले, रिकामं लुगडं पिशवीत दाबलं आणि गाडी पकडली. येताना खिडकीतून त्यांनी काही तपासलं नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी ते कुंभारआळीत गेले. नुसतं बघायला. निदान स्वतःशी त्यांनी असंच ठरवलं होतं. कारखान्यासमोर टेंपो उभा होता, आत पेंढा अंथरलेला. पोपटच्या अंगावर नखशिखांत सोनेरी रंग होता.

"दादा! कुठं असता? दिसत नाय ते! हा बघा तुमचा. डोळे मी स्वतः काढलेत, पोरांना हात लावू दिला नाय."

शिसवी पाट, टवका उडालेला कोपरा, आणि त्यावर गणपती. शाडूचा, पिवळं पितांबर नेसलेला. डोळे असे की समोर कोणी उभं राहिलं तर त्याच्याकडेच बघावेत. हैबतराव समोर उभे राहिले.

"रोह्याचा म्हणून ठेवलाय ना?" त्यांनी विचारलं.

"तसं सांगितलंय. पण दादा, कुणाच्या घरी बसवायचा तो तुमच्या घरातला प्रश्न. मी मूर्ती देतो, वाद देत नाय. चढवू टेंपोत?"

"नको," हैबतराव म्हणाले. "मी नेतो."

हे वाक्य त्यांनी ठरवलं नव्हतं. पण निघालं ते इतकं सहज निघालं की पोपटने लगेच गणपतीच्या तोंडावर रुमाल टाकला आणि रिक्षा थांबवली. रिक्षावाला रघू त्यांच्याच गल्लीतला. मांडीवर पाट, पाटावर गणपती घेऊन हैबतराव सबंध बाजारपेठेतून गेले. लोक रिक्षाकडे बघून हात जोडत होते. चोराला इतका मान मिळताना त्यांनी फक्त मोठ्या शहरांत पाहिलं होतं. पण चोर तरी कसं म्हणायचं? पाळी त्यांचीच होती, हे तर गिरजाही मान्य करत होती.

घोटाळा उंबऱ्यावर झाला. गणपती घेऊन येणारा दारात थांबतो, घरातली बाई त्याच्या पायांवर पाणी घालते, भाकरतुकडा ओवाळून टाकते, मग तो आत येतो. हैबतराव सवयीने थांबले. हातात गणपती, समोर उघडं दार, आत ठोकळ्यांची पेटी. धोंडुबाई तिच्या गावाला गेलेली. ते बराच वेळ तसेच उभे होते. आपण कशासाठी थांबलोय, हे त्यांच्या उशिरा ध्यानात आलं. आणि ध्यानात आल्यावरही पाय उचलेना.

"काका, मी घालू?" रघूने मागून विचारलं, आणि रिक्षातली पाण्याची बाटली काढून त्यांच्या पायांवर ओतली. भाकरीऐवजी त्याने खिशातला बिस्किटाचा अर्धा पुडा ओवाळला. "झालं. चला आत, मला पुढचं भाडं हाय."

पेण स्टेशनच्या छतावर पाट टेकला. ठोकळे जरा करकरले आणि गप्प झाले. छताने गणपती पेलला.

मग त्यांनी सखाला फोन लावला. "गणपती पेणला आलाय. टेंपोची वाट बघू नका."

तिकडे मागे टीव्ही चालू होता, तो कोणीतरी बंद केला.

"ठीक हाय दादा," सखा म्हणाला. "तुमची पाळी व्हतीच."

"मग उद्या पहिल्या गाडीने या सगळे. बहिणीलाही मी कळवतो."

"बघू," सखा म्हणाला.

चतुर्थीला हैबतरावांनी आंघोळ केली, रांगेशिवाय. पथाऱ्यांसाठी सतरंज्या काढून ठेवल्या. सगळ्या पेणमध्ये भटजींना उसंत नव्हती, म्हणून फोनमधल्या भटजींकडून पूजा सांगून घेतली. फोनमधले भटजी यजमानाचं गोत्र विचारून थांबत आणि उत्तर न ऐकता पुढे जात. प्राणप्रतिष्ठा झाली. मग मोदकांना बसले. उकडीच्या पाऱ्या काढता काढता त्यांना कळलं की वर्तुळ काढणं वेगळं आणि वळणं वेगळं. मोदकपात्रातून जे निघालं त्यातलं निम्मं सारण खाली पाण्यात होतं.

रोह्याची पहिली गाडी येऊन गेली. स्टेशनवरच्या रिक्षा गल्लीत शिरल्या आणि दुसऱ्यांच्या दारांशी थांबल्या.

फोन वाजला तो ग्रुपवरचा फोटो आल्याचा होता. अष्टमीचा. सखाच्या घरात शोकेससमोर एक गणपती बसला होता, बाजारातून आणलेला, झगझगीत गुलाबी. खाली कोरा करकरीत पाट, सागवानी. समोर सखा सोवळ्यात, गिरजा नथीत, अलिबागची बहीण, तिच्या सुना, चुलते, आणि पुढे जमिनीवर सगळी पोरं. खाली लिहिलं होतं, 'आमच्या घरचा बाप्पा.' घराण्याचा नव्हे. आमच्या घरचा. खाली एकापाठोपाठ जोडलेल्या हातांची रीघ लागली होती. हैबतरावांनीही हात जोडून टाकले. ग्रुपवर न जोडणं बरं दिसलं नसतं.

भाऊ वेगळे होतात तेव्हा आधी चूल वेगळी होते, मग शेत, आणि सगळ्यात शेवटी गणपती. यांची चूल आणि शेत केव्हाच वेगळं झालं होतं. राहिलेलं काम त्यांनी काल रिक्षातून स्वतः करून आणलं होतं.

आरती करायची होती. ताट धरलं तर टाळ्या वाजवता येत नव्हत्या, टाळ्या वाजवल्या तर ताट कोण धरणार? शेवटी ताट स्टुलावर ठेवून त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग ताट हातात घेऊन नुसते शब्द म्हटले. दोन्ही मिळून एक आरती धरावी, अशी गणपतीला विनंती केली. मग, करायला दुसरं काही नव्हतं म्हणून, गाडी सोडली.

गाडी पेणच्या तोंडातून आत गेली आणि अडकली. आरेखक हैबतरावांनी पाटाची लांबी घेतली होती, रुंदी घेतली होती, मूर्तीची उंची पोपटच्या अंदाजाने धरली होती. वजन धरलं नव्हतं. शाडूच्या भाराने छताला जरासा बाक आला होता, आणि त्या बाकाखाली गणपतीच्या बरोबर आसनाशी गाडी जाम बसली. मोटर मात्र चालू. घुर्रर्र, घुर्रर्र. आता हात घालायचा तर छत उचलायला हवं, छत उचलायचं तर गणपती हलवायला हवा, आणि एकदा प्राणप्रतिष्ठा झालेला गणपती विसर्जनापर्यंत जागचा हलवत नाहीत.

दुपारी धोंडुबाई घरच्या करंज्या घेऊन आली. हात जोडले, मग कान टवकारले.

"बाप्पा घोरतंय का काय?"

"गाडी अडकलीय खाली."

"मंग काडा की."

"कशी काढू? वर बसलेत ना."

धोंडुबाईने खोलीभर पाहिलं. सतरंज्यांच्या घड्या, वळकटीतल्या उशा, केळीच्या पानांची न उघडलेली जुडी.

"तं मंग घोरू द्या," ती म्हणाली. "कोनतरी बोलतंय ना घरात." आणि एक फुटका मोदक उचलून तिने तोंडात टाकला. "चव हाय. रूप नाय."

ती गेल्यावर हैबतराव मखरासमोर बसून राहिले. आवाज हळूहळू बारीक होत गेला. घुर्रर्रचं घुर्र झालं, मग अधूनमधून एक खरखर, आणि मग सेल संपले.

दुसऱ्या दिवशी रघूच्याच रिक्षातून गणपती भोगावतीवर गेला. पाण्यात उतरायला दुसरा हात रघूचाच होता. 'पुढच्या वर्षी लवकर या' हे तो हैबतरावांपेक्षा मोठ्याने ओरडला, कारण त्याला तशी सवय होती. रिकामा पाट आणि त्यावर नदीतली मूठभर वाळू घेऊन हैबतराव घरी आले. गाडी हाताने बाहेर काढली. मग फोन लावला.

"सखा, विसर्जन झालं. सवडीने येऊन पाट घेऊन जा. पुढची पाळी तुझी."

"आमच्याकडं आता नवीन पाट झाला ना दादा," सखा म्हणाला. आवाजात राग नव्हता. पावसाची बातमी सांगावी तसं सांगितलं. "तो तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या." मग म्हणाला, "ही बोलतेय बघा."

फोन गिरजेकडे गेला. तिच्या मागे भांडी घासल्याचा आवाज होता, कोणाची तरी चप्पल सापडत नव्हती, एक पोर रडत होतं आणि दुसरं ते रडत नाहीये असं ओरडून सांगत होतं.

"भावोजी, मोदक कुणी केले?"

"मीच."

"झाले का?"

चांगले झाले म्हणायला काही हरकत नव्हती. इथे कोण बघायला येणार होतं?

"फुटले," हैबतराव म्हणाले.

"उकड गार झाली असंल," गिरजा लगेच म्हणाली. तिचा आवाज एकदम मोकळा झाला. "गार झाली की चिरा जातात. गरम हाय तवाच मळायची, हाताला सोसंल तेवढी. हाताला तेलपाणी लावत जायचं. पाणी उकळलं की मीठ, चमचाभर तूप, मग पीठ एकदम टाकायचं, ढवळायचं आणि झाकण ठेवून वाफ आणायची. घाई करायची नाय. आणि पारी मधी जाड, कडंला पातळ. तुम्ही सगळीकडं सारखी केली असणार."

"सारखी केली," हैबतरावांनी कबूल केलं.

"तेच तर. बरं, ठेवते, इकडं सगळ्यांची निघायची गडबड हाय."

"थांब थांब, गिरजे. पाणी किती म्हणालीस?"

"जेवढं पीठ तेवढंच पाणी, भावोजी."

मैनाबाईंना हे करताना त्यांनी हजारदा पाहिलं होतं. त्यांना माहीत होतं. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला, खुर्ची पुढे ओढली.

"आणि वाफ? वाफ किती वेळ आणायची?"